सोनालीचा प्रिंटर आणि केरूमामाची मोरपंखी

समजा, तुम्हाला घरच्या घरी एक सीडी छापायची आहे. सीडीत लग्न भरायचं काम झालेलं आहे, आता तिच्या वरच्या पांढऱ्या बाजूवर फोटो छापायचा आहे. कॉम्प्युटरवर तुम्ही हळदीचा फोटो उघडता. नवरी पाटावर बसली आहे, गालांना हळद, हसू दाबून धरलेलं. सीडीच्या मधलं भोक नेमकं तिच्या नाकावर येतंय, म्हणून तुम्ही तिला जरा डावीकडे सरकवता. सीडी प्लास्टिकच्या ट्रेमध्ये बसवता, ट्रे प्रिंटरच्या तोंडात ढकलता. प्रिंटर खाकरतो, ट्रे आत ओढतो, बाहेर काढतो, पुन्हा ओढतो. जरा वेळाने सीडी बाहेर येते आणि तुम्ही बघता तर हळद लागलेल्या नवरीची कावीळ झालेली नवरी झाली आहे. तुम्ही पिवळा कमी करता. दुसऱ्या सीडीवर कावीळ गेलेली असते, पण नवरी लालबुंद, कोणावर तरी भडकलेली दिसते. तुम्ही लाल कमी करता. तिसऱ्या सीडीवर ती बरी दिसते, फक्त तिच्या मागे मांडवाला बांधलेले आंब्याचे डहाळे राखाडी झालेले असतात. आता काय कराल?

सोनाली उतेकर अशा वेळी उठते आणि चहा टाकते. "त्याला जरा एकटं सोडायचं," असं ती म्हणते. त्याला म्हणजे प्रिंटरला.

सोनालीवहिनी महाडला आमच्या शेजारी राहते. तिचा नवरा सुधीरदादा वीर स्टेशनवर उतरणाऱ्या लोकांना रिक्षाने गावात आणतो. तिचं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवरच्या एका वाडीत. दहावी झाली तशी लग्न झालं, लग्नानंतर महाडच्या एका क्लासमध्ये ती कॉम्प्युटर शिकली, आणि तिथून बाजारातल्या एका फोटो स्टुडिओत मिक्सिंगला लागली. मिक्सिंग म्हणजे लग्नाच्या शूटिंगमधले कंटाळवाणे भाग कापायचे, गाणी घालायची आणि नवरा-नवरीवर गुलाबाच्या पाकळ्या पाडायच्या. दोन्ही तालुक्यांतल्या निम्म्या संसारांवर वहिनीनेच पाकळ्या पाडल्या आहेत. दोन हजार एकवीसच्या पुरात स्टुडिओत पाणी भरलं आणि मालकाने धंदा आवरला. माळ्यावर होता म्हणून सीड्या छापणारा प्रिंटर तेवढा वाचला. तो त्याने वहिनीला देऊन टाकला. म्हणाला, याचं तुझ्याशिवाय कोणाशी पटलंच नाही.

तेव्हापासून वहिनी घरूनच काम करते. पुढच्या खोलीत एका कोपऱ्यात कॉम्प्युटर आणि प्रिंटर, आणि छापलेल्या सीड्या वाळायला स्वयंपाकघरातल्या ताटाळ्यात. सीड्या उभ्या ठेवायला ताटाळ्यासारखी दुसरी वस्तू नाही. तिने त्यासाठी वेगळं ताटाळं घेतलंय, पण सीझनमध्ये सरमिसळ होतेच. एकदा सुधीरदादाच्या ताटाच्या कडेला कोणाच्या तरी शालूचा लाल लागला होता आणि तो बोट फिरवून, चाटून बघत होता, तिखट आहे का म्हणून.

आता सीडी कोण बघतं, असं शहरातला माणूस विचारेल. त्याने पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत यावं. तिथे मोबाईलची रेंज घरात येत नाही, रेंजला भेटायला माणसाने ठरावीक कातळावर जायचं असतं. मुंबईला असलेल्या मुलांनी कधीकाळी गणपतीत आणलेले टीव्ही आणि प्लेअर मात्र अजून चालू आहेत. आणि दुसरं म्हणजे, सीडी हातात देता येते. पेन ड्राइव्ह आजीच्या हातात दिला तर ती विचारते, "ह्याच्यात पोर कुठं हाय?" सीडीवर पोर दिसते.

म्हणूनच ती पोर नीट दिसली पाहिजे, आणि वहिनीचा सगळा छळ तिथेच आहे. मी लोणेऱ्याला इलेक्ट्रॉनिक्स शिकले, त्यामुळे माझ्याकडे उत्तरं असतील अशी तिची पहिल्यापासून समजूत. उत्तरं होती, पण ती सगळी 'असं का होतं' याची होती, 'मग काय करू' याची नव्हती. मी सांगितलं की पडदा उजेडातून रंग तयार करतो आणि प्रिंटर शाईतून, त्यामुळे पडद्यावरचे काही रंग शाईत मुळात नसतातच. वहिनीने ऐकून घेतलं.

"म्हणजे एकाकडे दिवे आहेत आणि एकाकडे डाग," ती म्हणाली. "त्यांचं लग्न मी लावायचं."

कागदावर चांगला येणारा रंग सीडीवर येत नाही, कारण सीडीची पांढरी बाजू शाई वेगळ्या तऱ्हेने पिते. ओल्या सीडीवर बरोबर दिसणारा रंग वाळल्यावर फिकटतो, आणि आषाढ-श्रावणात तर महाडच्या हवेत ती वाळतच नाही. एका कंपनीच्या पांढऱ्या सीड्या जराशा निळसर असतात, दुसरीच्या दुधाळ. पाकीट बदललं की नवऱ्यामुलाची तब्येत बदलते.

मागे एकदा मार्च महिन्यात, चवदार तळ्यावर माणसं जमायच्या आधी, चंदू नावाचा एक गायक तिच्याकडे आला होता. त्याच्या भीमगीतांच्या पार्टीची गाणी सीडीवर भरून हवी होती, वर निळ्या रंगावर पार्टीचं नाव. एवढं सोपं काम वहिनीला कोणी दिलं नव्हतं. फोटो नाही, चेहरा नाही, नुसता निळा. पडद्यावर तो निळा आभाळासारखा लखलखीत होता. छापून आला तो जांभळा. चंदूने सीडी हातात घेऊन खिडकीशी नेली, परत आणली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, हा आपला निळा नाय. हा वांग्याचा हाय." पडद्यावरच्या निळ्यात जो लाल लपलेला असतो तो शाईत आल्यावर डोकं वर काढतो, हे वहिनी त्या आठवड्यात शिकली. लाल पूर्ण उपसून टाकल्यावर चंदू खूश झाला. त्यातली एक सीडी तिने भिंतीला लावून ठेवली आहे. तिला विचारलं तर म्हणते, "माझा एक तरी रंग पास झाला, त्याचं सर्टिफिकेट."

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर चिमाबाई आली. चिमाबाई वहिनीच्या माहेरकडची, पोलादपूरच्या अलीकडच्या गावात दिलेली. तिच्या मुलीचं, सेजलचं, लग्न वैशाखात झालं होतं, आणि त्याचं मिक्सिंग आणि सीड्या वहिनीनेच केल्या होत्या. चिमाबाई उंबऱ्यातूनच म्हणाली, "सोना, तुझ्या सीडीनं माझा भाऊ तोडला गो."

पाणी पिऊन झाल्यावर तिने सगळं सांगितलं, आणि ते असं होतं.

आमच्याकडे नवरी अंतरपाटामागे उभी राहते ती मामाने घेतलेल्या साडीत. नवऱ्याकडची साडी नंतर. मामाने साडी द्यायची आणि मंगलाष्टकं चालू असताना भाचीच्या पाठीशी उभं राहायचं, हा त्याचा मान. चिमाबाईचा भाऊ केरू टेपवाडीला राहतो, डोंगरावर, म्हशी आणि नाचणी करून. त्याने सेजलसाठी महाडला येऊन मोरपंखी साडी घेतली आणि बहिणीच्या हातात दिली. लग्नाच्या तोंडावर तो आंब्यावरून पडला आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. तो नाही, आणि त्याला नि म्हशींना बघायला त्याची बायको रखमा, तीही नाही. सेजलच्या पाठीशी चुलत मामा उभा राहिला. केरूमामाला लग्न दाखवायचं म्हणून सीडी वर पाठवली.

सीडीवर छापलेल्या फोटोत सेजल अंतरपाटामागे उभी होती, आणि तिची साडी हिरवी होती. स्वच्छ, पोपटी हिरवी. आणि नवऱ्याकडच्यांनी जी साडी आणली होती ती हिरवी आहे, हे केरूमामाच्या कानावर आधीच गेलं होतं.

केरूमामाने मनात धरलं. पाय बरा झाला तरी गणपतीत खाली उतरला नाही. चिमाबाईने निरोप धाडले, तर उत्तर आलं की म्हशी सोडून येता येत नाही. शेवटी एका शेजाऱ्याकडून तिला कळलं की मामा म्हणतो, मी नव्हतो तर माझी साडी पण पेटीत गेली, लोकांची नेसवली. चिमाबाईचा मुलगा स्वराज मोबाईल घेऊन वर गेला, त्यातले लग्नाचे फोटो मामाला दाखवले. मामाने बघितले आणि म्हणाला, "मोबाईलात काय, माणूस गोरा पण होतो आणि बारीक पण. साडीचं काय घेऊन बसलास."

आता स्वराजचंच लग्न ठरलं होतं, मार्गशीर्षात. पहिली पत्रिका देवीला, दुसरी मामाला. केरूमामाने पत्रिका घेतली नाही आणि तो स्वराजच्या पाठीशी उभा राहिला नाही, तर चिमाबाईच्या दोन्ही लेकरांच्या लग्नात सख्खा मामा नाही असं होणार होतं. चिमाबाईला भाऊ एकच होता.

"मला खऱ्या रंगाची सीडी करून दे," ती म्हणाली. "पत्रिकेसोबत ती नेते. त्याच्या डोळ्यांनी त्याला बघू दे."

वहिनीने तिला सांगितलं की साडी आणून दे, समोर ठेवून रंग जुळवते. सेजल नालासोपाऱ्याला एका खोलीत राहते म्हणून साडी चिमाबाईकडेच होती. पण पुढच्या खेपेला चिमाबाईने साडी आणली नाही. तुझ्या घरात जिथं तिथं शाई, लागली म्हणजे दुसरंच काही व्हायचं, असं म्हणून तिने पिशवीतून एक चिंधी काढली. टेलरने ब्लाउज शिवून उरलेला तुकडा, तळहाताएवढा. "कापड तेच, रंग तोच," ती म्हणाली.

त्यानंतरचे दिवस वहिनीच्या घरी त्या चिंधीचे होते. कॉम्प्युटरजवळ टेबलावर ती चिंधी पांढऱ्या एलईडीखाली सपाट पसरून ठेवलेली असे, आणि वहिनी एकदा तिच्याकडे, एकदा पडद्याकडे बघत बसे. मीही जाऊन बसायचे. मी एक गोष्ट शोधून काढली: रंग सुधारायचं काम फोटोचा प्रोग्रॅमही करत होता आणि प्रिंटरही स्वतःच्या मनाने करत होता. दोन सुना एकाच आमटीत मीठ घालत होत्या. आम्ही प्रिंटरला गप्प बसवलं, आणि पहिल्यांदाच छापलेला रंग पडद्याच्या जवळपास आला. वहिनीने मला त्या दिवशी दोन वाट्या शेवयांची खीर घातली.

पण जवळपास म्हणजे तोच नव्हे. मोरपंखी हा निळा आणि हिरवा यांच्या मधल्या बांधावर बसलेला रंग. जरा ढकलला की या शेतात पडतो, नाहीतर त्या. वहिनीने एका सीडीवर गोलाकार ठिपके छापले, प्रत्येक जरा वेगळा, आणि विसरू नये म्हणून त्यांना नावं दिली: शेवाळ, कोथिंबीर, मोर, मोराची मान, रॉकेल. ती सीडी वाळली की चिंधी एकेका ठिपक्यावर धरायची. सुधीरदादा जेवायला आला की त्यालाही विचारायची. तो म्हणायचा, "मला सगळे सारखेच दिसतात," आणि वहिनी म्हणायची, "म्हणून तर तुला विचारते. तुला पण वेगळा दिसला तर तो नक्की चुकलाय."

शेवटी 'मोराची मान' आणि 'रॉकेल' यांच्या मधला एक ठिपका चिंधीत असा मिसळला की चिंधीची कड कुठे संपते ते कळेना. वहिनीने त्या रंगात सेजलची साडी छापली. वाळल्यावर पुन्हा तपासली. जुळली. तिने चिंधी कपाळाला लावून डबीत ठेवली.

मला टेपवाडी बघायची होती आणि प्रिंटरला गप्प बसवण्यात माझा हात होता, म्हणून मीही निघाले. पोलादपूरला एसटीने उतरलो, तिथून चिमाबाईला घेऊन जीपने डोंगराच्या पायथ्याला, आणि पुढे चढ. नाचणी कापून झालेली होती, बांधावर वरीच्या पेंढ्या होत्या. चिमाबाईने पत्रिका आणि नवी सीडी एकाच पिशवीत घेतली होती आणि पिशवी कोणाला धरू देत नव्हती. वाटेत एकदाच थांबून ती म्हणाली की केरू लहान होता तेव्हा रुसला की कणगीमागे जाऊन बसायचा, आणि मी सोडून कोणाला हाक मारू द्यायचा नाही.

केरूमामा ओटीवर दोर वळत होता. उंच, सडपातळ, चालताना अजून जरासा लंगडणारा. बहिणीला बघून त्याने "ये" म्हटलं आणि दोर वळत राहिला. रखमामामी मात्र धावत बाहेर आली, पाणी दिलं, वहिनीच्या तोंडावरून हात फिरवला, माझं नाव-गाव विचारलं. चिमाबाईने आधी सीडी काढली. पत्रिका तिने पिशवीतच ठेवली.

"ही बघ. ही खरी. आधीची मशीननं खोटी काढलेली."

केरूमामाने दोर खाली ठेवला, हात धोतराला पुसले आणि सीडी घेतली. ओटीवरून खाली अंगणात गेला. उन्हात धरून बराच वेळ बघितली. मी वहिनीकडे बघितलं, वहिनी त्याच्या हाताकडे बघत होती. टेबलावर चिंधीत मिसळून गेलेला रंग अंगणातल्या उन्हात सरळसरळ निळा दिसत होता. शाळेच्या गणवेशाचा निळा.

"आधी हिरवी होती," केरूमामा म्हणाला. "आता निळी हाय. पुढच्या खेपेला पिवळी आणशील."

"अरे मी कापडाला लावून बघितलाय, मामा," वहिनी म्हणाली.

"कुठल्या कापडाला? मी घेतली ती निळी नव्हती. मी काय आंधळा हाय?"

चिमाबाई ओटीच्या कडेवर बसली. मग एकदम तिचा आवाज चढला. सीडीच्या तोंडावर काय बघतोस, तिने विचारलं, आत अख्खं लग्न भरलंय, ते एकदा तरी लावून बघितलंस काय? बघितलं असतंस तर पोरीनं कुणाची साडी नेसली ते कळलं नसतं?

"ती लागतच नाय," रखमामामी मधेच म्हणाली. "पहिल्या दिवसापासून लागली नाय. नुसती घरघर करते आणि बाहेर येते. हे बोलले, बघ, साडी दडवायला सीडी पण रिकामी धाडली."

वहिनी ताडकन उठली. रिकामी? प्रत्येक सीडी ती स्वतः लावून बघते आणि मगच देते. रखमामामीने आतून जुनी सीडी आणली. ती तिने देवाशेजारी खिळ्याला अडकवली होती, भोकातून. वहिनीने सीडी उलटी केली. चकचकीत बाजूवर हळद आणि कुंकवाची पाच बोटं ओढलेली होती, वाळून घट्ट झालेली.

"मामी, हे काय?"

"पूजा केली," रखमामामी म्हणाली. "पोरीचं लग्न घरात आलं, तशीच मशीनीत घालू काय? वरच्या बाजूला पोरीचा फोटो, तो कशाला खराब करू? मागं कोरं होतं, तिथं लावलं."

पहिल्यांदा मला हसू फुटलं, मग वहिनीला. चिमाबाईला हसावं की रडावं ते कळेना. प्लेअर त्या बाजूनेच वाचतो, हे वहिनीने समजावून सांगितलं, तेव्हा रखमामामी नवऱ्याकडे बघून म्हणाली, "मग मला काय म्हायत? तुम्हाला पण म्हायत नव्हतं."

नव्या सीडीतही तेच लग्न भरलेलं होतं. वहिनीने ती प्लेअरमध्ये घालायला घेतली, आणि तेवढ्यात रखमामामी कुंकवाचा करंडा घेऊन आली. वहिनीने सीडी छातीशी धरली. थोडी ओढाताण होऊन असं ठरलं की या वेळी पूजा प्लेअरची करायची. प्लेअरला हळद-कुंकू लागलं, आणि सीडी लागली.

टीव्ही जुना होता, त्यात सगळी माणसं शेंदूर फासल्यासारखी दिसत होती. भटजी तर मारुती झाला होता. वहिनी हळूच मला म्हणाली, याचा लाल कोणीतरी कमी करा. केरूमामा दारात उभाच होता, बघतही होता आणि नव्हताही. हळद झाली, वऱ्हाड आलं, वहिनीच्या पाकळ्या पडल्या. मग घराच्या दारातून सेजल बाहेर आली, मैत्रिणींच्या मधून मांडवाकडे चालत.

केरूमामा पुढे आला. टीव्हीच्या इतका जवळ जाऊन उभा राहिला की बाकी कोणाला काही दिसेना.

"अवो, सरका, आम्हाला पण बघायचाय," रखमामामी म्हणाली.

"थांब." त्याने मागे न बघता हात वर केला. "ती चालते ते परत घे."

वहिनीने मागे घेतलं. सेजल पुन्हा दारातून बाहेर आली. पाऊल टाकलं की निऱ्यांची एक बाजू हिरवी व्हायची, दुसरं टाकलं की तीच निळी. मांडवाच्या सावलीत शिरली तेव्हा सगळी साडी हिरवी गार, आणि कॅमेरेवाल्याचा दिवा पडला तशी खांद्यापासून खाली निळी झाली. वहिनीच्या तोंडून "अगं बाई" निघालं. मिक्सिंग करताना तिचं लक्ष पाकळ्यांवर होतं, आणि टेबलावर सपाट पडलेल्या चिंधीने तिला यातलं काहीच दाखवलं नव्हतं.

"परत," केरूमामा म्हणाला.

तिसऱ्या वेळेला तो खाली बसला, टीव्हीसमोर जमिनीवर, दुखरा पाय लांब करून. "ही माझीच," तो म्हणाला. "दुकानात आत बघितली तर हिरवी होती. ते पोरगं बोललं, मामा, उन्हात बघा, म्हणून पायरीवर नेली तर निळी झाली. मी बोललो, ही फसवते. तर बोललं, ह्यालाच मोरपंखी म्हणतात." त्याने पडद्याकडे बोट केलं. "सीडीवर ती हलतच नाय ना. एकाच रंगात उभी."

चिमाबाईने मग मनात साठवलेलं सगळं बाहेर काढलं. वैशाखापासून तोंड फिरवून बसलास, गणपतीला आला नाहीस, माझ्या घरात नैवेद्य कसा गेला ते मला म्हायत, एकदा विचारायचं होतंस.

"मामानं विचारायचं नसतं," केरूमामा म्हणाला. "मामाला येऊन सांगायचं असतं."

"मग आले ना रे सांगायला. डोंगर चढून."

केरूमामाने मान पडद्याकडे वळवली. टीव्हीवर मंगलाष्टकं चालू झाली होती. सेजलच्या पाठीशी उभ्या असलेल्या चुलत मामाकडे त्याने डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाला की ह्याला नीट उभं पण राहता येत नाही, वाकडा उभा आहे. मग बहिणीकडे न बघताच हात पुढे केला. "पत्रिका आणलीस ना? का ती पण मशीनीत गेली?"

रखमामामीने पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलं, दोन्ही बाजूंनी, कोणी अडवलं नाही. आम्ही तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं जेवलो. जेवताना केरूमामाने स्वराजच्या लग्नाला कोण कोण येणार ते विचारून घेतलं, आणि आपण आदल्या दिवशीच उतरणार, म्हशी शेजारी बघेल, असं जाहीर केलं. मग त्याने वहिनीसमोर दोन्ही सीड्या ठेवल्या, हिरवी आणि निळी. त्या दोन्ही त्याच्याकडेच राहणार होत्या, हिरवीची मागची बाजू वहिनीने ओल्या फडक्याने पुसून दिली होती. पण त्याला आणखी एक हवी होती.

"आता खऱ्या रंगाची काढून दे," तो म्हणाला. "घाई नाय. लग्नाला उतरेन तेव्हा नेईन."

वहिनी हो म्हणाली. गिऱ्हाईकाला ती कधी नाही म्हणत नाही. डोंगर उतरताना चिमाबाई पुढे भरभर चालली होती, दिसेल त्या माणसाला मामा येणार असल्याचं सांगत. वहिनी मागे रेंगाळत होती. पायथ्याला जीपची वाट बघत बसलो तेव्हा तिने या वेळी अख्खी साडीच आणवणार असल्याचं मला सांगितलं, शाई लागली तर लागली. मग समोरच्या डोंगरावरच्या उन्हाकडे बघत तिने मला एक प्रश्न विचारला. स्वराजच्या लग्नाला केरूमामा आदल्या दिवशीच उतरला, पण सीडी तयार नव्हती, आणि वर्ष होत आलं तरी ती झालेली नाही. तो प्रश्न विचारायचं तिने अजून सोडलेलं नाही, मला, चंदूला, प्रिंटर दुरुस्त करायला येणाऱ्याला, भेटेल त्या फोटोग्राफरला:

"ती साडी मी पडद्याशी जुळवायला घेईन, तेव्हा धरू कुठल्या उजेडात? दुकानातल्या, पायरीवरच्या, की सेजल चालली त्या मांडवातल्या?"